जिन्याची तिसरी पायरी

आईचा व्हिडिओ कॉल आला की पहिली दोन मिनिटं तिचं कपाळ दिसतं. मग पंखा. मग पुन्हा कपाळ, या वेळी चौकोन चौकोन झालेलं. "दिसतेय का गं?" "दिसतेयस, पण आवाज तुटतोय." "थांब, पायरीवर जाते." मग फोन हेलकावे खात आतल्या खोलीतून निघतो, मधल्या दाराशी एकदा गळपटतो आणि गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन स्थिरावतो. तिथं चित्र लख्ख. दुसऱ्या पायरीवर खरखर, चौथीवर बरं, पण तिसरीची सर नाही. हा शोध आईनं कुठल्याही ॲपशिवाय, नुसतं उठबस करून लावला होता.

तिचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा पायरीचा विषय घरच्या ग्रुपवर आला. दादाकडे उत्तर तयारच होतं: तिचा नंबर माझ्या कंपनीत पोर्ट करून टाक. पुरावा म्हणून त्यानं स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट टाकला, २१२ एमबीपीएस. वहिनीनं लगेच अंगठा दिला. मग मीही ईर्षेला पेटून माझ्या कंपनीचा टाकला, १३४. काका म्हणाले, सगळे सारखेच, कुणालाही घ्या. दोन दिवस ग्रुपवर नुसते आकडे पडत होते. दादानं त्याचा आकडा अकराव्या मजल्यावरच्या ऑफिसच्या खिडकीत मोजला होता आणि मी माझा बसस्टॉपवर उभं राहून. आई जिथं बसते त्या खोलीत आमच्यापैकी एकानंही मोजलं नव्हतं, आणि तिच्या वतीनं निर्णय मात्र आम्ही दोघंही घ्यायला निघालो होतो.

सुट्टी काढून तिच्याकडे गेले तेव्हा दोन सिमचा माझा फोन, ड्रॉवरमधला एक जुना फोन आणि एक वही बरोबर नेली. तीन कंपन्यांची तीन सिम. वहीत त्यांना क, ख आणि ग अशी नावं दिली, इथेही तीच ठेवते. क माझी आणि आईचीही. ख दादाची. ग आमच्या घरात कुणीच वापरत नाही; तिचं नाव निघालं की "ती अजून आहे का?" असं विचारलं जातं. ती घेतली ती निव्वळ तीन रकाने बरे दिसतात म्हणून.

पहिल्या दिवशी मी फोनवरच्या काड्या मोजल्या. संध्याकाळपर्यंत लक्षात आलं की ही मेहनत पाण्यात गेली. एकाच कंपनीचं सिम माझ्या फोनमध्ये तीन काड्या दाखवत होतं आणि जुन्या फोनमध्ये चार, आणि दोन्ही फोन एकाच टेबलावर शेजारी शेजारी. किती सिग्नलला किती काड्या, याचं सगळ्यांनी पाळायचं असं माप नाहीच. फोन बनवणारा आपल्या मनानं ठरवतो. २०१० च्या जुलैमध्ये ॲपलनं जाहीर कबूल केलं होतं की आयफोनमध्ये काड्या काढायचं सूत्रच चुकलेलं आहे आणि पुष्कळदा हव्या त्यापेक्षा दोन काड्या जास्त दिसतात. चारच्या जागी खऱ्या दोन. इतक्या लोकांनी इतका काळ त्या काड्यांकडे बघून फोन हवेत धरला असेल, याचं मला हसूही आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

खरा आकडा फोनच्या पोटात असतो, डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात. सेटिंगमध्ये खोल शिरलं किंवा एखादं साधं ॲप घेतलं की दिसतो, आणि नेहमी उणे असतो, त्यामुळे पहिल्यांदा बघताना आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं. उणे ८० च्या आसपास उत्तम, उणे १०० ला कामचलाऊ, उणे १२० च्या पुढे गेलं की "हॅलो, हॅलो". यातली खोच अशी की हे फुटपट्टीसारखं सरळ माप नाही. दर दहा आकड्यांना ताकद दहा पट बदलते. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर क कंपनी उणे ८८ होती आणि आईच्या खुर्चीशी उणे ११८. तीसचा फरक, म्हणजे हजार पट. पायरी आणि खुर्ची यांच्यात सात-आठ पावलं आणि दोन भिंती. दोन भिंती हजारातले नऊशे नव्व्याण्णव भाग गिळून बसल्या होत्या आणि उरलेल्या एकावर आई माझं तोंड बघायचा प्रयत्न करत होती.

तसं पाहिलं तर पायरीवरचा सिग्नलही काय मोठा? एका वॅटचे एक लाख कोटी भाग करायचे आणि त्यातला एक उचलायचा, की झाले उणे ९० डीबीएम. तेवढ्यात माझा चेहरा, माझा आवाज आणि मागं वाजणारी शिट्टी हे सगळं पोहोचतं. हे वाचल्यापासून मी फोनवर चिडायचं कमी केलंय. बंद नाही केलं.

जायच्या आधी मी क कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला होता. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक नम्र मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या नकाशावर तुमचा भाग पूर्ण कव्हर दाखवतोय." मी म्हटलं, आतल्या खोलीत येत नाही. तो पुन्हा तितक्याच नम्रपणे म्हणाला, "पूर्ण कव्हर आहे मॅडम." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्यासमोर खरंच एक नकाशा असणार आणि आईचं घर त्यात गडद रंगात बुडालेलं असणार.

असे नकाशे कसे बनतात हे वाचायला घेतलं आणि टोकियोला जाऊन पोहोचले. ओकुमुरा नावाच्या जपानी अभियंत्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टोकियो आणि आसपासच्या भागात गाडीतून फिरत सिग्नल मोजले आणि त्यावरून काढलेले आलेख १९६८ मध्ये छापले. १९८० मध्ये हाता या दुसऱ्या अभियंत्यानं ते आलेख सूत्रांत बसवले: टॉवरची उंची एवढी, अंतर एवढं, फ्रिक्वेन्सी (लहर सेकंदाला किती वेळा हेलकावते) एवढी, भाग शहरी की उपनगरी की मोकळा, तर सिग्नल इतका घटेल. मोबाइल कंपन्यांचे अंदाज पुढं कितीतरी वर्षं या आणि अशाच सूत्रांवर चालले. आता संगणक डोंगर, इमारती, झाडं सगळं हिशेबात धरतो, पण मूळ गोष्ट तीच: नकाशातला रंग बहुतेक ठिकाणी मोजलेला नसतो, काढलेला असतो. तोही बहुधा घराबाहेर, उघड्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी. त्या गडद रंगात आईच्या दोन भिंती नाहीत.

नकाशाइतकंच फसवं ते टक्क्यांचं वाक्य. देशातल्या इतक्या टक्के लोकसंख्येपर्यंत आमचं नेटवर्क पोहोचलं आहे, असं कुठलीही कंपनी अभिमानानं सांगते. लोकसंख्येपर्यंत, जमिनीपर्यंत नव्हे. माणसं दाटीवाटीनं राहतात, त्यामुळे थोड्याशा जमिनीवर टॉवर उभे केले की लोकसंख्येचा मोठा टक्का हाती लागतो. मधले रस्ते, शेतं, डोंगर, खिंडी या हिशेबात येतच नाहीत. तिथं मतदार नाहीत, असं म्हणायला हवं. आणि नेमकं तिथंच आपल्याला "वाट चुकलोय, लोकेशन पाठव" म्हणायचं असतं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन रस्त्याला लागले. आईला वाटलं मला काहीतरी सरकारी काम लागलंय. शेजारच्या काकूंनी दोनदा दार उघडून बघितलं. हमरस्त्यावर ख कंपनीनं कमाल केली: १८६, १९४, एकदा २३० एमबीपीएस. क साठ ते नव्वद. ग बिचारी १४. मी दादाला मनातल्या मनात शरण गेले. मग गल्लीत वळले आणि ख चा आकडा ७० वर आला. फाटकाशी ३१. पडवीत ९. आतल्या खोलीत टेस्टचा बाण नुसता गोल फिरत राहिला आणि शेवटी ॲप म्हणालं, कनेक्शन नाही. ग कंपनी फाटकाशी १२, पडवीत ११ आणि आईच्या खुर्चीशी ६. सहा! मी टेस्ट पुन्हा केली. ६.४. आणखी एकदा, ५.९. जिला आम्ही हसत होतो ती या घरातली एकटीच पाहुणी जी चप्पल काढून थेट आत आली.

यात कंपनीचं शौर्य काही नाही, फ्रिक्वेन्सीचा गुण आहे. ख चं वेगवान नेटवर्क ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालत होतं, ग चं ७०० च्या; एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख हेलकावे. ७०० ची एक लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब, ३५०० ची जेमतेम साडेआठ. लांब लहर अडथळ्याला वळसा घालते, भिंतीतून कमी झिजून निघते. आखूड लहर भिंत, ओली पानं, धातूचा मुलामा दिलेली काच, जे समोर येईल त्यावर डोकं आपटते. भिंत मध्ये नसली तरी, बाकी सगळं सारखं धरलं तर, पाचपट फ्रिक्वेन्सीला तितक्याच अंतरावर पंचवीस पट कमी ताकद हाती लागते. मग सगळे ७०० च का वापरत नाहीत? कारण खालच्या पट्ट्यात, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या भागात, जागाच थोडी. तिथं एखाद्या कंपनीला पाच-दहा मेगाहर्ट्झ रुंदीची फट मिळते, वर ३५०० मध्ये शंभर मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा एका वेळी वापरता येतो. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञानं १९४८ मध्येच हे गणित मांडून ठेवलंय: किती माहिती जाईल ते पट्टा किती रुंद आणि सिग्नल गोंगाटाच्या किती वर, यावर ठरतं. यात रुंदीचा फायदा सरळ मिळतो, ताकदीचा मात्र फार सावकाश. म्हणून हमरस्त्यावर ख ला कुणी हरवू शकत नाही, आणि भिंतीपलीकडे तिला कुणी विचारत नाही.

हे कळल्यावर "कुठली कंपनी चांगली?" हा प्रश्नच मला कानाला खटकायला लागला. एकाच कंपनीकडे वरचे पट्टे असतात, खालचेही असतात, एका भागात एक लावलेला, दुसऱ्या भागात दुसरा. त्यातून आपल्या फोनला तो पट्टा कळला पाहिजे. माझ्या जुन्या फोनला क चा एक पट्टा ऐकूच येत नव्हता. कंपनीचा दोष म्हणून मी दीड पान लिहिलं होतं, ते सगळं खोडलं.

तिसऱ्या दिवशी मी वेळेकडे वळले, आणि तिथं वही फार घाण झाली. पहाटे पाचला क कंपनी पायरीवर ९० देते. रात्री साडेनऊला तीच पायरी, तोच फोन, तोच डीबीएम, आणि ३. सिग्नल जसाच्या तसा, वेग तिसाव्या हिश्शावर. याचं कारण आभाळात नाही, शेजारीपाजारी आहे. टॉवरच्या एका दिशेच्या तोंडाला जो काही वेग आहे तो त्या वेळी तिथं असलेल्या सगळ्यांत वाटला जातो. ४जीमध्ये ही वाटणी दर मिलिसेकंदाला नव्यानं होते. सेकंदाला हजारदा कुणीतरी ठरवत असतं की आता कुणाच्या ताटात वाढायचं. वीस मेगाहर्ट्झच्या साध्या ४जीचा कागदावरचा कमाल वेग १५० एमबीपीएस. तो पूर्ण मिळाला तरी रात्री जेवण उरकून पन्नास घरांनी एकदम मालिका लावल्या की प्रत्येकी तीन. अगदी माझ्या वहीतलाच आकडा. टॉवरपर्यंत येणारी वायर तोकडी असली तर तेवढाही नाही. जोरात चालणारी कंपनी पुष्कळदा फक्त कमी गिऱ्हाइकांची कंपनी असते. ग च्या स्थिरपणात याचा वाटा किती, हे मला कळलंय, पण ते मी ग्रुपवर सांगितलेलं नाही.

मग बेरजा केल्या आणि सरासरीनं मला तोंडावर पाडलं. मधल्या दाराशी ख च्या पाच नोंदी होत्या: ४, ५, ६, ५ आणि कुठूनसा आलेला एक १८०. बहुधा दाराची फट, वेळ आणि नशीब एकत्र आलं असावं. सरासरी निघाली ४०. चाळीस! त्या दाराशी चाळीस कुणी कधी पाहिलेलं नाही. चढत्या क्रमानं लावून मधला आकडा घेतला तर ५, आणि तो खरा. तेव्हापासून कुठल्याही तुलनेत "सरासरी वेग" दिसला की मी आधी त्या १८० ला शोधते. लोकांच्या फोनवरून गोळा केलेल्या आकड्यांतही अशीच गोम आहे. लोक टेस्ट कधी करतात? नवा फोन घेतला की मिरवायला, नाहीतर नेट बंद पडलं की वैतागून. आणि जिथं रेंजच नाही तिथं टेस्ट होत नाही, त्यामुळे तिथलं शून्य यादीत यायचंच राहतं.

बरं, टेस्ट तरी काय मोजते? ती जवळातला जवळ सर्व्हर गाठते, एकदम अनेक जोडण्या उघडते आणि दहा-पंधरा सेकंद रस्ता मोकळा सोडून पळते. ३०० च्या वेगानं पंधरा सेकंद पळाली तर साडेपाचशे एमबी डेटा गिळते, हे मला डेटा संपल्याचा मेसेज आल्यावर कळलं. वर पुन्हा बिट आणि बाइटचा घोळ. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० एमबीची फाइल उतरणार असं दादाला अजून वाटतं; ती ५ एमबी उतरते, कारण एमबीपीएस बिट मोजतं, फाइलचा एमबी बाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट.

आईला यातलं काहीच नको होतं. व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, पण जाताना आणि येताना दोन्हीकडे. आम्ही दोघं बहीणभाऊ डाउनलोडवरून भांडत होतो, आणि आईचं कपाळ चौकोनी होत होतं ते अपलोडमुळे. टॉवर उंच असतो, जोरात बोलतो. फोन मात्र बॅटरीवर चालणारा, त्याचा आवाज लहान. आतल्या खोलीत टॉवरचं बोलणं फोनला ऐकू येतं, फोनचं टॉवरला जात नाही. म्हणूनच "तू दिसतेयस मला, मी दिसत नाही का?" हा संवाद आमच्याकडे रोज व्हायचा, आणि मला वाटायचं तिच्या फोनचा कॅमेरा बिघडलाय. वहीत मी अपलोडचा रकानाच आखला नव्हता. चौथ्या दिवशी सगळ्या खोल्या पुन्हा फिरले. खुर्चीशी क चा अपलोड ०.२. ख चा नाही. ग चा २.१.

ग चं सिम तिच्या फोनमध्ये घातलं. ग्रुपवर कळवलं. दादानं विचारलं, किती येतो? म्हटलं, सहा. त्यानं हसून डोळ्यांतून पाणी येणारे तीन चेहरे पाठवले आणि खाली पुन्हा तो २१२ चा स्क्रीनशॉट.

आईनं मात्र दुसऱ्याच आठवड्यात माझ्या चार दिवसांच्या मेहनतीत चूक काढली. आतल्या खोलीतून फोन आला. चेहरा पूर्ण, कपाळापासून हनुवटीपर्यंत, मागं लोखंडी कपाट. "ऐक," म्हणाली, "तू खुर्ची जिथं ठेवून गेलीस ना, तिथं खिडकी माझ्या पाठीशी येते. पाठ केली की तुटतं. मी फिरवून घेतली. खिडकीकडे तोंड केलं की एकदम स्वच्छ." मी म्हटलं, बरोबर आहे, माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी, ते सिग्नल अडवतं, पाठ केलीस की तूच मध्ये येतेस.

"ते असू दे," ती म्हणाली. "कपाटाचं दार उघडं असलं तरी पण बिघडतं. आणि दुपारी दोन ते चार झकास असतं. लिहून ठेव तुझ्या वहीत."